शिंकांचं मूळ ताटात शोधू नका

खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा नऊ वर्षांचा. मृगाचा पाऊस लागला की सकाळी अंथरुणातून उठताच पंधरा-वीस शिंका, नाकाडोळ्यांना खाज, पाण्यासारखं वाहणारं नाक. रात्री नाक चोंदतं आणि पोर तोंड उघडं टाकून झोपतं. हे दिवाळीपर्यंत चालतं. गोळी दिली की दोन दिवस बरं, बंद केली की परत तेच. रक्त तपासलं तर आयजीई (ऍलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) ६४० आलं आणि सोबत ऍलर्जीच्या नावाखाली चाळीसेक पदार्थांची यादी मिळाली. तेव्हापासून केळी, दही, शेंगदाणे, अंडी, टोमॅटो, सगळं बंद. एका डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला होता, पण त्यात स्टिरॉईड आहे म्हटल्यावर सासूबाईंनी चार दिवसांत तो बाजूला ठेवायला लावला. ताई विचारतात, हे कायमचं बरं होईल का, आणि आणखी काय खायचं बंद करू? जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय की धाकटी जाऊ काजू सोलायला जाते, तिच्या हातांना चट्टे उठतात, म्हणजे हे घराण्यातच आहे का?

मी नाक-कान-घशाचा डॉक्टर. बेळगावात पंचवीस वर्षं झाली, आठवड्यातून एक दिवस खानापूरला बसतो. ‘डॉक्टर, पोरगं सकाळधरनं नुसतं शिंकूलालंय’ हे जून ते नोव्हेंबर मी रोज ऐकतो. मुलाला तपासलेलं नाही, त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं काही त्याला लागू पडेल, काही पडणार नाही. कुठे काय अवलंबून आहे ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आणखी काहीही बंद करू नका. खाण्याच्या ऍलर्जीचा आपला असा एक वक्तशीरपणा असतो. पदार्थ पोटात गेल्यावर बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलटी होते किंवा दम लागतो, आणि तो पदार्थ खाल्ला की दर वेळी होतं. चार महिने रोज सकाळी नुसत्या शिंका येणं हे त्यात बसत नाही. केळ्याला आणि दह्याला पंचांग कळत नाही, ताई. ते दोषी असते तर मार्चमध्येही शिंका आल्या असत्या.

मग यादीत नावं कशी आली? रक्तातली ही तपासणी एवढंच सांगते की शरीराने त्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं बनवली आहेत. त्याचा त्रास होतो की नाही हे ती सांगत नाही. मतदारयादीत नाव असलं म्हणजे माणसाने मत दिलं असं होत नाही, तसंच हे. एकूण आयजीई तर पोटातल्या जंतांनीही वाढतं, आणि आपल्या भागातल्या मुलाला जंत असणं ही काही नवलाची गोष्ट नाही. मी स्वतः ही चाळीस-पन्नास पदार्थांची यादी मागवत नाही. आधी हकिगत विचारतो आणि संशय असेल तेवढ्याच गोष्टीची तपासणी करतो.

पूर्वी जे तो मजेत खात होता, ते बहुतेक सगळं परत देता येईल. एक काळजी मात्र घ्या. एखादा पदार्थ कित्येक महिने पूर्ण बंद असेल आणि यादीत त्याचा आकडा मोठा असेल, विशेषतः शेंगदाणे किंवा अंडं, तर तो घरी एकदम सुरू करू नका. डॉक्टरांना विचारून, दवाखाना हाताशी असताना, अगदी थोड्यापासून सुरुवात करा. कधी एखादा पदार्थ खाऊन खरंच गांधी उठल्या असतील किंवा दम लागला असेल, तर तेवढाच पदार्थ बंद राहू दे. वाढत्या पोराचं दूध-दही, अंडी, शेंगदाणे काढून घेतले तर वजन खुंटतं. शिंका तशाच राहतात. असली पोरं मी दर वर्षी पाहतो.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. ताप नाही, नाक पातळ वाहतं, खाज आहे, शिंका एकामागून एक येतात आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं, तेव्हा ती साधी सर्दी नसते, नाकाची ऍलर्जी असते. विषाणूची सर्दी आठ-दहा दिवसांत आटोपते. मुलगा तळहाताने नाक खालून वर घासतो का बघा. वर्षानुवर्षं असं घासून काही मुलांच्या नाकावर आडवी रेघ उमटते, डोळ्यांखाली काळसर छटा येते. तसं दिसलं तर मला तपासणीच्या कागदाची फारशी गरज पडत नाही.

कशामुळे होतंय हे शोधायला माझ्याकडे सगळ्यात स्वस्त हत्यार आहे ते म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. त्रास कधी सुरू होतो, कधी टिपेला जातो, बाहेरगावी गेल्यावर काय होतं, हे त्यावर मांडायचं. तुमच्या मुलाचा त्रास पावसाबरोबर सुरू होतो आणि सकाळी अंथरुणात जास्त असतो. यावरून माझा पहिला संशय धुळीतल्या किड्यांवर जातो. ते डोळ्याला दिसत नाहीत, मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढे असतात आणि आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतलीच ओल शोषून घेतात. हवा कोरडी असली की ते सुकून मरतात, दमट असली की फोफावतात. त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस मी तुम्हाला सांगायला नको. चार महिने भिंतीला ओल, खोलीभर दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि ऊन न पाहिलेल्या वाकळा. किड्यांना याहून चांगलं घर कुठे मिळणार? दुसरा संशय बुरशीवर, तिलाही हेच दिवस मानवतात.

गणपतीनंतर त्रास आणखी वाढत असेल तर तिसरी गोष्ट धरावी लागते, ती म्हणजे गवताचे परागकण. पाऊस ओसरताना गवतं फुलोऱ्यावर येतात, आणि रस्त्याकडेचं काँग्रेस गवत तर असतंच. एक आणखी विचारा स्वतःला. त्रासाच्या दिवसांत मामाच्या गावी किंवा दोन दिवस पाहुण्यांकडे गेल्यावर मुलाचं नाक मोकळं होतं का? होत असेल तर कारण तुमच्या घरात आहे.

वाकळीवर मी मुद्दाम थोडा रेंगाळणार आहे. आपल्याकडे वाकळा वर्षातून एकदाच धुतात, दसरा काढताना, म्हणजे दसऱ्याआधीच्या घरसफाईत. म्हणजे किडे जेव्हा सगळ्यात जास्त झालेले असतात नेमके तेव्हा आपण त्या आपटतो-झटकतो, आणि पोरं भोवती खेळत असतात. मुलासाठी पावसाळ्यात वाकळ बाजूला ठेवा. दर आठवड्याला धुता येईल अशी पातळ चादर आणि पांघरूण द्या. पाणी हाताला सोसणार नाही इतकं कढत हवं, साठ अंशांच्या आसपास. गार पाण्याने मळ जातो, किडे मरत नाहीत. कापसाची जुनी उशी काढून टाका, नाहीतर तिला चेन असलेली रेक्झिनची खोळ घाला आणि वरून धुण्याचा अभ्रा. ऊन पडलं की वाकळा दिवसभर टाका, पण झटकायच्या त्या अंगणात, आणि मुलगा शाळेत गेल्यावर. मुलगा आजीच्या कुशीत झोपत असेल तर ते मोडू नका, आजीचं अंथरूणही तसंच करून घ्या.

बाकीचं घर उलटंपालटं करायची गरज नाही. केरसुणीने झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. ओले कपडे शक्यतो सोप्यात किंवा पडवीत वाळत घाला, मुलाच्या झोपायच्या खोलीत नको. खाट ओल्या भिंतीपासून हातभर लांब सरकवा, आणि कौलातून गळत असेल तर आधी ते बघा, कारण भिंत ओली राहिली की बुरशी कितीही पुसली तरी आठ दिवसांत परत येते. गणपतीच्या आधी माळा उतरवताना, रंग काढताना मुलाला बाहेर पाठवा. चुलीचा आणि बंबाचा धूर, मच्छर कॉइल, उदबत्ती ही ऍलर्जीची कारणं नव्हेत, पण आधीच सुजलेल्या नाकाला ती झोंबतात. ज्या खोलीत तो झोपतो तिथे तरी कॉइल नको, मच्छरदाणी लावा.

पण भाबडी आशा ठेवू नका. नुसती उशीची खोळ बदलून किंवा घरात किडे मारायचं नुसतं एखादं औषध फवारून फारसा फरक पडत नाही, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. चार गोष्टी एकत्र केल्या तर थोडा भार कमी होतो, आणि तोही सगळ्यांच्या बाबतीत नाही. मुख्य काम औषधानेच होतं.

आणि ते मुख्य औषध म्हणजे सासूबाईंनी बाजूला ठेवलेला तो फवारा.

त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. स्टिरॉईडच्या गोळ्या-सुया वर्षानुवर्षं घेऊन तोंड सुजलेली, हाडं ठिसूळ झालेली माणसं आपल्या गावांनी पाहिली आहेत. पण मोमेटासोन या स्टिरॉईडच्या फवाऱ्यात एका वेळी ५० मायक्रोग्रॅम औषध असतं. दोन्ही नाकपुड्यांत एकेक मारला तर १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. त्यातलंही रक्तात एक टक्कासुद्धा पोचत नाही, काम जिथल्या तिथे नाकात होतं. तरीही दीर्घकाळ फवारा घेणाऱ्या मुलांची उंची मी दर सहा महिन्यांनी मोजतो. सासूबाईंना सांगा, डॉक्टरही डोळे झाकून देत नाहीत.

चार दिवसांत फवारा बंद करणं म्हणजे पेरणी करून आठव्या दिवशी कणीस शोधणं. त्याचा पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागतात. तो शिंका आल्यावर मारायचा नसतो, रोज ठरल्या वेळी मारायचा असतो. मृग सात-आठ जूनला लागतो. त्रास पावसाबरोबर सुरू होणाऱ्या मुलांना मी मेच्या तिसऱ्या आठवड्यातच फवारा सुरू करतो आणि दिवाळीनंतर थांबवून बघतो. तुमच्या मुलाला किती दिवस लागेल हे त्याचं नाक तपासणारा डॉक्टर ठरवेल.

मारायची पद्धत निम्म्या घरांत चुकते. डोकं किंचित पुढे झुकवा, मागे टाकू नका. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने आणि उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारायचा, म्हणजे बाटलीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे राहतं. मधल्या पडद्यावर मारला तर तो पडदा कोरडा होऊन रक्त येतं, आणि मग ‘औषध उष्ण पडलं’ म्हणून ते बंद होतं. मारल्यावर जोरात ओढायचं नाही. जोरात ओढलं की औषध नाकात न राहता घशात जातं. आधी नाक मिठाच्या पाण्याने धुतलं तर उत्तम. एक लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात चहाचे दीड चमचे मीठ. उकळणं टाळू नका. विहिरीचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात घालणं धोक्याचं असतं, त्यातले काही जीव पोटात गेले तर काही होत नाही, नाकातून गेले तर मेंदूपर्यंत पोचू शकतात.

गोळ्यांबद्दल थोडं. सेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन यांनी शिंका आणि खाज थांबते, चोंदलेलं नाक फारसं उघडत नाही. म्हणून तुमचा अनुभव ‘दोन दिवस बरं’ एवढाच राहिला. दुकानातून आणलेल्या सर्दीच्या सिरपमध्ये बहुधा क्लोरफेनिरामिन असतं. त्याने पोर वर्गात पेंगतं आणि मास्तर म्हणतात अभ्यासात लक्ष नाही. मॉन्टेलुकास्ट मिसळलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. या औषधाने काही जणांना वाईट स्वप्नं, चिडचिड, वागण्यात बदल असं होऊ शकतं, म्हणून मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्याच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. नुसत्या नाकासाठी ते पहिलं औषध म्हणून मी देत नाही. मूल घेत असेल आणि रात्री दचकून उठत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.

दोन गोष्टींपासून लांब राहा. एक, नाक झटकन उघडणारे थेंब. तीन-चार दिवस ठीक, त्यापुढे नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही. निपाणीचे एक शिक्षक चार वर्षं खिशात बाटली घेऊन फिरत होते. त्यांचं मूळ दुखणं कधीच बरं झालं होतं, उरलं होतं ते थेंबांचं दुखणं. दुसरी, ‘एका सुईत हंगाम पार’ म्हणून मिळणारी सुई. ते लांब टिकणारं स्टिरॉईड असतं आणि सासूबाईंची भीती खरं तर तिथे लागू पडते. गंमत अशी की फवाऱ्याला नको म्हणणारी घरं ही सुई बिनदिक्कत टोचून घेतात, कारण चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलेलं नसतं.

आता न विसरता बघायची गोष्ट म्हणजे छाती. नाक आणि फुप्फुसं एकाच नळीची दोन टोकं. अशा मुलांतल्या बऱ्याच जणांना दमाही असतो आणि घरच्यांनी तो ‘खोकला’ म्हणून सोडून दिलेला असतो. रात्री खोकून उठतो का? पळाल्यावर, खूप हसल्यावर खोकला येतो का? छातीत शिट्टीसारखा आवाज येतो का? एकाचं जरी उत्तर हो असेल तर लवकर दाखवा. इन्हेलर दिला तर ‘सवय लागते’ या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. चष्म्याची जेवढी सवय लागते तेवढीच याची. मुलाला तो स्पेसर (इन्हेलर आणि तोंडाच्या मधली पोकळ नळी) लावूनच द्यायचा. विकतचा परवडला नाही तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाला इन्हेलरचं तोंड घट्ट बसेल असं भोक पाडून तीही चालते, फक्त एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि मुलगा घोरत असेल, झोपेत मधेच श्वास अडकल्यासारखा होत असेल, तर नाकामागच्या गाठी वाढल्यात का हे तपासावं लागेल. तो भाग फवाऱ्याने सुटेल की नाही हे बघूनच सांगता येतं.

कायमचं बरं होईल का? काही मुलांचा त्रास वयात येताना कमी होतो, काहींचा राहतो, आणि आधी सांगणं शक्य नसतं. औषधं दुखणं ताब्यात ठेवतात, मूळ प्रवृत्ती बदलत नाहीत. ती बदलायचा प्रयत्न करणारा एकच उपाय आहे. ज्याची ऍलर्जी आहे तेच अगदी थोडं थोडं वाढवत सुईने किंवा जिभेखाली द्यायचं. लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागकणांवर हे पहिल्यांदा मांडलं. तीन ते पाच वर्षं चिकाटी लागते, दर सुईनंतर अर्धा तास दवाखान्यात बसावं लागतं, आणि दमा ताब्यात नसेल तर ते करता येत नाही. त्याआधी हातावर टोचून करायची त्वचाचाचणी लागते, आणि तिच्यासाठी सेट्रिझिनसारख्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात. खानापूरहून बेळगावला इतके हेलपाटे, मजुरी बुडवून, जमतील का हा खरा प्रश्न असतो. फवाऱ्याने नीट भागत असेल तर मी घाई करत नाही.

जावेच्या हातांचं वेगळं आहे. काजूच्या टरफलातलं तेल कातडीला भाजतं आणि काहींना त्याची ऍलर्जीही होते. बिब्बा, आंब्याचा चीक आणि हे तेल, सगळे एकाच कुळातले. बिब्बा उतलेला माणूस आपण सगळ्यांनी पाहिलाय, तसाच हा प्रकार. तो लगेच न येता एक-दोन दिवसांनी उठतो, आणि त्याचा मुलाच्या शिंकांशी संबंध नाही. सोलताना हातमोजे, निदान हाताला साधं तेल, आणि घरी आल्यावर साबणाने धुणं. सोललेला काजू खायला तिला बहुधा काही अडचण नसावी. घराण्याचं म्हणाल, तर आईबापांपैकी कुणाला दमा किंवा अशा शिंका असतील तर मुलात येण्याची शक्यता वाढते. चुलतीच्या हातांवरून काही ठरत नाही.

आजी अंगावर पित्त उठल्यावर आमसुलाचं पाणी लावत असतील तर लावू द्या, गार वाटतं. पण त्या गांधींचा पोटातल्या पित्ताशी संबंध नसतो. सेट्रिझिन पुरतं. एक वेळ मात्र अशी येते की तिथे आमसूलही नको आणि गोळीही नको. मधमाश्या किंवा गांधीलमाशी चावल्यावर, सुई घेतल्यावर, काही खाल्ल्यावर अंगभर गांधी आणि त्यासोबत घशाला आवळल्यासारखं, दम, उलट्या किंवा चक्कर असेल, तर १०८ ला फोन करा. माणसाला आडवं करा, पाय वर ठेवा, उठवून चालवू नका. दम लागत असेल तर बसूदे. तिथे जीव वाचवतं ते मांडीत दिलेलं ऍड्रेनॅलिन. आधी एव्हिलची, म्हणजे ऍलर्जीच्या साध्या औषधाची, सुई देऊन वाट बघत बसले तर त्यात वेळ जातो. दवाखान्यात पोचताच ‘ऍलर्जीचा झटका’ हेच शब्द पहिल्यांदा बोला.

तर आत्ता काय करायचं? खाणं हळूहळू पूर्ववत करा, फवारा डॉक्टरांना विचारून नीट पद्धतीने परत सुरू करा आणि किमान महिनाभर सोडू नका, अंथरूण बदला, छाती तपासून घ्या. दाखवायला जाल तेव्हा ती चाळीस पदार्थांची यादी मागे ठेवा, आणि ज्यावर शिंकांचे दिवस खुणा करून ठेवलेत असं कॅलेंडर न्या. आपल्याकडे चिठ्ठी इंग्रजीत, दवाखान्यातली पाटी कन्नडमध्ये आणि घरात वाचणारे मराठी. चिठ्ठीच्या मागे कुठलं औषध, कधी, किती दिवस हे मराठीत लिहून मागा. मी तरी विचारल्यावर लिहून देतो.

आणि यंदा दसरा काढायच्या दिवशी मुलाला शाळा नसली तर त्याला मामाकडे धाडा.